बीपी मोजलं, आता ड्यूटीचा तक्ताही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी शिफ्टमध्ये नोकरी करते. मागच्या महिन्यात आमच्याकडे 'वेलनेस प्रोग्राम'चा आरोग्य सप्ताह झाला. मीटिंग रूममध्ये टेबल मांडून सगळ्यांचं बीपी मोजलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं १६०/१०० आलं. नर्सने त्यांना पाच मिनिटं शांत बसवलं, पुन्हा पट्टा बांधला, तरी आकडा फारसा उतरला नाही. लवकर डॉक्टरांना दाखवा, झोप पुरी घ्या, ताण घेऊ नका, असं तिने अगदी कळकळीने सांगितलं. ते जागेवर येऊन टेकतात तोच मोबाइलवर मेसेज: उद्यापासून सलग चार नाइट. बदली माणूस नाही. त्यांनी तो मेसेज मला दाखवला आणि काही न बोलता फोन उलटा ठेवला.

त्या तपासणीबद्दल माझी तक्रार नाही. वाढलेलं बीपी बऱ्याचदा जाणवतच नाही; मोजलं म्हणून कळलं. पण कळल्यावर पुढचं सगळं त्या माणसावर टाकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. झोप पुरी घ्या म्हणणारी आणि नाइट लावणारी कंपनी एकच आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१६ साली सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांना घेऊन अशा कार्यक्रमाची पारख झाली. कोणाला कार्यक्रम मिळणार आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. उपचारांवरचा खर्च, रजा, कामाचा उरक, कशातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी हौसेने भाग घेतला, त्यांचा उपचारांवरचा खर्च आधीपासूनच कमी होता. हे वाचलं आणि आमची पावलांची स्पर्धा आठवली. पहिल्या दहात आलेले सगळे ठरल्या वेळी घरी जाणारे होते. नाइटवाल्यांपैकी एकही नाही.

कामाच्या तासांचं मोल काय द्यावं लागतं, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलं आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तासांइतकाच महत्त्वाचा आहे कामावरचा आपला ताबा. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात, ज्यांना आपल्या कामाबद्दल काहीच ठरवता येत नव्हतं त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. उद्या सकाळी यायचं की रात्री, हे आदल्या संध्याकाळी कळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

तपासणीचे आकडे एचआरच्या फाइलमध्येही जाता कामा नयेत. आमच्यातल्या दोघींनी याच धास्तीने बीपी मोजून घेतलं नाही, आणि त्यातल्या एकीला ते मोजून घेण्याची खरंच गरज होती.

योगासनांचा तास, ध्यानाचं ॲप, सगळं राहू द्या. फक्त त्याच पैशांतून आणि त्याच उत्साहाने आधी एक बदली माणूस नेमा, आणि रात्रपाळीनंतर दोन दिवस सोडा. जेवणाच्या सुट्टीत मीटिंग लावू नका. आमचा ध्यानाचा तासही त्याच सुट्टीत होता, आणि निम्मे जण डोळे मिटण्याऐवजी मेलला उत्तरं देत होते.

सहकारी आता रोज सकाळी बीपीची गोळी घेतात. नाइट अजून लागतेच. सप्ताह कसा वाटला म्हणून विचारणारा फॉर्म आला, तेव्हा सूचनांच्या रकान्यात मी लिहिलं, 'ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लावा.' खाली नावही घातलं. अजून उत्तर आलेलं नाही.

आपली,
एक नोकरदार वाचक