सूचना: एकच जागा, बदलता ऋतू, या महिन्याचे फोटो राहिलेत

मंडळी, आपल्या ‘एकच जागा, बदलता ऋतू’ या फोटो-उपक्रमाचे या महिन्याचे फोटो अजून बऱ्याच जणांचे आलेले नाहीत, महिनाअखेरपर्यंत टाका प्लीज. परत सांगते, जागा तीच ठेवायची, खिडकी म्हणा, गच्ची म्हणा, रोजच्या रस्त्यावरचं झाड म्हणा, आणि वेळही शक्यतो तीच, कारण ऋतू बदलला की सूर्याची उंची बदलते, सावली लांब-आखूड होते, आणि तेच तर आपल्याला टिपायचंय. पावसाचे थेंब हवेत थांबलेले हवे असतील तर शटर (फोटो घेताना ते उघडं राहण्याचा वेळ) १/५०० सेकंद किंवा त्याहून फास्ट, रेघा हव्या असतील तर १/३० च्या आसपास, पण मग मोबाईल कुठेतरी टेकवा, हात हलतोच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर नको, संध्याकाळचा पिवळा उजेड तो परस्पर फिका करून टाकतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात ते अगदी घरातले फोटो, दारात निथळत ठेवलेली छत्री, तिच्याखाली साचलेलं एवढंसं पाणी आणि त्यात दिसणारा ट्यूबलाइट. असले पाठवा ना! कुणाचा चेहरा येत असेल तर आधी विचारा. फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नुसता टाकला की बारीक डिटेल्स जातात. खाली तारीख, वेळ लिहा.