बाबा, ती फ्रिजमधली बाटली

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, "ह्यांनी मोजे काढले की हल्ली घोट्यावर वळ राहतो." कधीपासून विचारलं, तर म्हणाली, पोटाला ती सुई टोचायला लागल्यापासून. बाबा, मला हे सांगितलं नव्हतंत. रागावले नाहीये. (थोडी रागावले आहे.)

त्या सुईतली सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला ढोसून तिच्याकडून ग्रोथ हॉर्मोन काढून घेणारी औषधं. "शरीराचंच हॉर्मोन आहे, त्यात काय वाईट?" असं तुम्ही म्हणणार, ते मला इथूनच ऐकू येतंय. इन्शुलिनही शरीराचंच असतं. म्हणून कुणी मनाने टोचून घेतं का? हे हॉर्मोन वाढलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. त्यातून सूज येते, बोटांना मुंग्या येतात, सांधे दुखतात. शिवाय शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, आणि तुमची साखर आधीच काठावर.

तुमच्या इपामोरेलिनसारखंच काम करणारी एक गोळी आहे, एमके-६७७. ती ६० ते ८१ वयाच्या ६५ निरोगी माणसांवर तपासली गेली. निकाल २००८ साली आला. चरबी सोडून उरलेलं वजन किलोभराने वाढलं, पण ताकद होती तेवढीच. उपाशीपोटीची साखर मात्र चढली. पुढे खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना तीच गोळी दिली, तेव्हा काहींचं हृदय कमी पडायला लागलंय अशी शंका आली आणि ती चाचणी मध्येच थांबवली. म्हणून घोट्यावरच्या त्या वळाने माझी झोप उडाली.

तुमच्या सीजेसी-१२९५च्या कुळातलं टेसामोरेलिन हे औषध अमेरिकेत २०१० साली मंजूर झालं, तेही एचआयव्ही असलेल्यांच्या पोटावरच्या चरबीपुरतं, आणि कर्करोग असेल तर द्यायचं नाही असं बजावून. तुमचा आतड्यातला पॉलिप (अस्तरावरची ती छोटी वाढ) काढून दोन वर्षंही झाली नाहीत, बाबा. पेशी वाढवणारं काही टोचून घेताना तो आठवला नाही?

आणि बाटलीवर 'केवळ संशोधनासाठी' असं छापलंय म्हणे. ते वाचूनही टोचलंत! आत नक्की काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का, याची हमी त्या चिठ्ठीत नाही.

जिना चढताना कठडा धरावा लागतो हे तुम्हाला सलतं, मला कळतं. त्यासाठी व्यायाम शिकवणारं माणूस आपण शोधू. पण डॉक्टरांना भेटेपर्यंत पुढची सुई नको. बाटली टाकू नका, सोबत न्या. किती आणि कधी घेतलंत ते न लपवता सांगा. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोन वाढलं की रक्तात वाढणारं हॉर्मोन) तपासायचं का, तेही विचारा.

आई, रात्री आडवं झाल्यावर त्यांना धाप लागते का, हल्ली दोन उशा घेतात का, ते आज बघ. लागत असेल तर मला कळवायलाही थांबू नकोस, सरळ दवाखान्यात ने.

तुमची,
लेक