ठिबकचं अनुदान लेट झालं तर व्याज कोण देणार? कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, अनुदान वाढवा असं म्हणायला हे पत्र नाही, ते आधीच सांगतो. ठिबकला अल्पभूधारकाला 80 टक्के, बाकीच्यांना 75, म्हणजे केंद्राच्या योजनेचे 55 किंवा 45 आणि वर राज्याचे जादा 25 किंवा 30, कागदावर योजना एक नंबर आहे. भांडण आहे ते तारखेचं.

आता बघा, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर अर्ज करायचा, फार्मर आयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक पाहिजेच (15 एप्रिल 2025 पासून त्याच्याशिवाय पान हलत नाही), पूर्वसंमती येईपर्यंत पाईपला हात लावायचा नाही, आली की मुदतीत पूर्ण पैसे भरून संच बसवायचा, बिल अपलोड करायचं, मग मोका तपासणी, म्हणजे साहेब शेतात येऊन संच बघणार, लॅटरलशेजारी (ठिबकच्या नळीशेजारी) उभं राहून फोटो. इथपर्यंत मुदत चुकली की अर्ज रद्द, आणि ती मुदत फक्त आम्हाला. पुढं सरकारची पाळी आली की विषयच संपला. ऑफिसात विचारलं तर निधी आला नाही, कधी येईल तर वरून आला की. त्या केंद्राच्या योजनेच्या 55 किंवा 45 टक्क्यांत परत 60 हिस्से दिल्लीचे आणि 40 मुंबईचे, त्यामुळं कुणाचं अडकलंय तेही कळत नाही. मध्ये कृषी सहाय्यकाच्या पदाचं नाव बदलून सहाय्यक कृषी अधिकारी केलं, चांगलं झालं, पण त्या बिचाऱ्याच्या हातात तरी काय आहे.

हिशोब करून दाखवतो. समजा बिल झालं 60000. अनुदान बिलावर नाही तर सरकारी मापदंडावर (सरकारनं ठरवलेल्या खर्चावर) बसतं, तो धरा 55000, म्हणजे 80 टक्क्यानं 44000. गडी छोटा आहे, 60000 उचलले शेकडा दोन रुपयानं. महिन्याला 1200 व्याज. वर्ष गेलं तर 14400. हातात राहिले 29600, म्हणजे बिलाच्या निम्मे पण नाहीत. ज्याच्याकडं थांबायला पैसा आहे त्यालाच खरं 80 टक्के पडतं, आणि योजना म्हणे अल्पभूधारकासाठी. डीलर उधारीवर देतो, पण तो काय धर्मादाय नाही, थांबण्याचे पैसे रेटमध्ये लावूनच देतो. आमच्या इकडं रोखीनं, अनुदान न घेता ठिबक घेणारे आहेत आणि त्यांना ते परवडतं म्हणतात, आता काय बोलायचं.

बरं, उशिराला व्याज ही काय माझी आयडिया नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणं कारखान्यानं 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर नाही दिला तर 15 टक्के व्याज. रोजगार हमीच्या मजुरीला 15 दिवसांनंतर रोजचे 0.05 टक्के भरपाई. पीक विम्याला उशीर झाला तर 12 टक्के. ती व्याजं तरी कितीजणांना मिळाली हा वेगळा विषय आहे, पण नियम तर आहे, दाखवून भांडता येतं. ठिबकला मात्र तसं काहीच मला सापडलं नाही. कारखानदाराला 14 दिवस लावता ना, मग सरकारनं स्वतःला 60 लावून घ्यावेत, आणि 61व्या दिवसापासून तेच 15 टक्के.

ते जमेपर्यंत निदान पूर्ण पैसे आमच्याकडून भरून घेऊ नका, आमचा 20-25 टक्के हिस्सा आम्ही देतो, बाकीचं सरकारनं आणि कंपनीनं आपसात बघावं. पोर्टलवर नुसतं प्रलंबित लिहून येतं, त्याच्याजागी रांगेतला नंबर दाखवा.

आणि येत्या अधिवेशनात जिल्हावार एवढं सांगा, मोका तपासणी होऊन पैसे न मिळालेल्या फाईली किती आणि त्यातली सगळ्यात जुनी कधीची.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक डाळिंबवाला