लातूरच्या गंजगोलाईजवळच्या मोबाईलवाल्या भावास

भाऊ,

तुमच्या दुकानात आलो तेव्हा मी भांडायच्याच तयारीनं आलो होतो. त्याआधी दोन दुकानं झाली होती. पहिल्यानं माझं फोटोंचं मेमरी कार्ड लावलं, स्क्रीनवर ‘फॉरमॅट करा’ आलं, आणि मला न विचारता त्यानं ते दाबलंही. वर म्हणाला, ‘घ्या, चालू झालं.’ दुसऱ्यानं मान वर न करता सांगितलं, ‘तीन-चारशेचं कार्ड, नवीन घ्या की.’

त्याला काय सांगणार? आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर पडलं, त्यात आई-बापूंच्या लग्नाचा फोटोसुद्धा मातीत गेला. पुढं कॅमेरा दिसला की आई पदर ओढून आत जायची. मागच्या येळवशीला, म्हणजे शेतात पूजा-जेवण असतं त्या वेळ अमावास्येला, मात्र कडब्याच्या कोपीसमोर फोटोला उभी राहिली, आंबिलीच्या मडक्यावर हात ठेवून. चैत्रात गेली.

तुम्ही कार्डाला हात लावायच्या आधी विचारलंत, ‘कुणाचे फोटो हायत?’ मग म्हणालात, ‘फॉरमॅट मारलं म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडली, पानं आतच हायत. ह्याच्यात आता नवीन काही टाकू नका, बस.’ कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढून तुम्ही त्या नकलेवर काम केलंत म्हणे. ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी फोटो दाखवलेत. नावं गेलेली, क्रम उलटासुलटा. शेजारी एक वेगळा फोल्डर होता: ‘अर्धे’. वरचा भाग आलेला, खाली नुसती राखाडी पट्टी, असे सतरा फोटो. एवढं कशाला ठेवलंत म्हणालो तर तुम्ही सहज बोललात, ‘कोणता लागंल ते मी कसं ठरवणार?’

आई त्या सतरांत होती. मडकं गेलंय, हातही गेलाय. पण कपाळावरचं कुंकू, वाऱ्यानं सरकलेला पदर आणि हसू दाबल्यावर तिचं व्हायचं तसं तोंड, सगळं आहे. बिघडलेले म्हणून तुम्ही ते सतरा उडवले असते तर मला कधी कळलंही नसतं.

पैसे ठरले तेवढेच घेतलेत, आणि घेतलेत हे बरं केलंत. फुकट दिलं असतं तर उपकाराचं ओझं झालं असतं. आजकाल रिचार्जच्या टपरीपासून बियाण्याच्या दुकानापर्यंत जो तो गिऱ्हाईक कटवायच्या घाईत. दुसऱ्याच्या वस्तूला जपून हात लावणारा माणूस भेटला की आधी संशयच येतो. मलाही आला होता. तेवढी माफी असावी.

धाकटा म्हणतो, राखाडी पट्टी कापून फ्रेम करू. मी नको म्हटलंय. मडकं तिथंच आहे, आम्हाला माहीत आहे.

येळवशीला शेतात या. भज्जी, उंडे, आंबील, सगळं असतं. कार्ड डबीत ठेवलंय, फोनमध्ये घातलेलं नाही.