मंत्रीमहोदय, मुलांचे दात मोजायला सांगा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात दातांचा दवाखाना चालवते. विडी कामगारांची आणि यंत्रमागावरच्या माणसांची मुलं माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा दात किडलेला असतो. हे पत्र मात्र कधी उगवलेच नाहीत अशा दातांबद्दल आहे.

अक्कलदाढा सोडून एखाद-दुसरा कायमचा दात जन्मतः नसणं दुर्मिळ नाही. शंभरात पाच-सहा जणांत ते आढळतं. पॅक्स९ जनुकात दोष असेल तर बहुधा दाढा येत नाहीत. एमएसएक्स१ आणि डब्ल्यूएनटी१०ए हीसुद्धा अशीच जनुकं. घरचे म्हणतात, "उशिरा येतील." एक्स-रे काढल्यावर कळतं, हिरडीखाली दाताचा अंकुरच नाही.

माझी खरी काळजी वेगळ्या मुलांची आहे. तोंडात चार-पाचच दात, तेही टोकदार, डोक्यावर विरळ केस, आणि घाम जवळजवळ नाहीच. ईडीए जनुकातल्या दोषाने दात, केस आणि घर्मग्रंथी एकदमच अपुऱ्या राहतात. दीडशे वर्षांपूर्वी डार्विनने तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सिंधमधलं असं एक कुटुंब नोंदवलं होतं. चार पिढ्यांत दहा पुरुषांना मोजकेच दात होते आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीचा फार त्रास होई. मुलींना काही होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत ते उतरे. एक्स गुणसूत्रावरचं हे जनुक १९९६ मध्ये सापडलं.

सोलापूरचा एप्रिल-मे आपल्याला माहीत आहे. पारा चाळिशीपार गेला की अशा मुलाचं अंग तापतं. आई तापाचं औषध देते, रक्ततपासण्या होतात, टायफॉइड म्हणून उपचारही होतात. पण तो जंतूंचा ताप नसतो, त्या औषधाने तो उतरत नाही. अंगावर पाणी घालावं लागतं, ओलं कापड ठेवावं लागतं, सावलीत बसवावं लागतं. लहान बाळाच्या जिवावरही बेतू शकतं. हे त्या आईला कोणीतरी वेळेत सांगायला हवं, आणि तोंडात डोकावलं तर ते सहज लक्षात येतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत जातात, दातांची कीड बघतात. त्यांना दात मोजायलाही सांगा. तीन वर्षांच्या मुलाला दुधाचे २० दात हवेत. बरेच कमी भरले, तर एवढंच विचारावं: याला घाम येतो का? या तपासणीला खर्च जवळजवळ शून्य आहे.

पुढची सोय मात्र सरकारलाच करावी लागेल. जनुकीय चाचणीसाठी रोजंदारी बुडवून पुण्या-मुंबईला जाणं या घरांना झेपत नाही. नमुना सिव्हिलमध्येच घेतला जावा. तिथेच समुपदेशनही व्हावं, कारण आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्नं होतात आणि अशा नात्यांत काही प्रकारच्या दंतदोषांची शक्यता वाढते. शिवाय ग्रहण पाळलं नाही म्हणून सुनेला बोल लावणारी घरं मी पाहिली आहेत. दोष जनुकात आहे, तो कधी नव्यानेही उद्भवतो, हे सासूला डॉक्टरने समोर बसवून सांगितलं तर फरक पडतो.

आणि कवळी. तीन-चार वर्षांच्या मुलालाही ती बसवता येते, पण जबडा वाढतो तशी बदलावी लागते. इम्प्लांटसाठी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. माझ्या एका छोट्या रुग्णाचा मदतीचा अर्ज "हा सौंदर्योपचार आहे" या शेऱ्यासह परत आला. त्या मुलाला भाकरी चावता येत नाही, साहेब. वाढीच्या वयातल्या या कवळ्यांचा खर्च शासकीय योजनेत घ्या.

पथकांचं प्रशिक्षण उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीतच व्हावं आणि सुरुवात सोलापूर जिल्ह्यापासून करावी, ही विनंती. शिकवायला मी विनामोबदला येईन.

आपली,
सोलापुरातील एक दंतवैद्य