जर्मनीतल्या उल्मच्या आजींना, हत्तोबाच्या कानाबद्दल

प्रिय आजी,

तुमच्या वरच्या मजल्यावर राहणारी आमच्या गावची लेक हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील. तिला मी आधीच बजावून ठेवलंय की कौतुकाचं एकही वाक्य गाळायचं नाही, आणि तुम्ही मध्येच हात झटकून ‘त्यात काय एवढं’ म्हणालात तरी थांबायचं नाही. पत्र मुद्दाम उघड लिहितेय. ते आणखी काही जणांच्या वाचनात यावं अशी इच्छा आहे. कोणाच्या, ते वाचणाऱ्यांना आपोआप कळेल.

हत्तोबा, आमच्या वर्गाने परदेशी पाहुणचाराला पाठवलेला कापडी हत्ती, सुखरूप परत पोचला. खोकं चौथीच्या वर्गात फोडलं आणि पुढचे दोन तास गणित झालं नाही. पोरांनी आधी सोंड बघितली, मग पाठीवर तुम्ही बांधून दिलेली छोटी पिशवी. पण स्वयंपाकखोलीतून हात पुसत आलेल्या मावशींनी सगळ्यांना बाजूला सारलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फक्त डावा कान पाहिला. उलटून पाहिला, टाक्यांवरून अंगठा फिरवला, हलकेच ओढून पाहिला. मग म्हणाल्या, “हात बसलेला आहे हिचा.”

आजी, या मावशी आमच्या शाळेत रोज खिचडी शिजवतात. हत्तोबा त्यांनीच शिवला. अंग जुन्या जांभळ्या लुगड्याचं, कान खणाचे, डोळ्यांना दोन वेगवेगळ्या सदऱ्यांची बटणं, पोटात चिंध्या. गावात त्यांच्या गोधड्यांना मागणी आहे, पण ‘छान शिवलीय’ यापलीकडे त्यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल कोणी काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. दर्जा ठरवणारे साहेब येतात, खिचडी चाखतात, वहीत सही करतात आणि जातात.

म्हणून तुमचा तो पहिला निरोप मला अजून पाठ आहे. हत्तोबा तुमच्याकडे आला तेव्हा त्याचा डावा कान दोन दोऱ्यांवर लोंबत होता. तुम्ही फोटो पाठवलात आणि खाली विचारलंत: हा कान मी शिवू का, की ज्यांनी हा हत्ती केला त्यांनाच तो शिवायचा आहे? आणि शिवायचा असेल तर त्यांना कसला टाका आवडेल?

मी तो मोबाइल तसाच स्वयंपाकखोलीत नेला. मावशी चुलीशी होत्या. मी प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी पळी खाली ठेवली. “मला विचारलंय?” म्हणाल्या. मी म्हटलं, हो, तुम्हालाच. मग त्यांनी बराच वेळ विचार केला, खिचडी जरा खाली लागली त्या दिवशी, आणि सांगितलं: “शिव म्हणावं. पण लपवू नको म्हणावं. गोधडीचा टाका दिसला पाहिजे. आणि पांढरा दोरा नको, मळतो.”

तुम्ही लाल दोरा घेतलात. दिसेल असा धावदोरा घातलात, एकसारखा, आणि शेवटची गाठ आतून मारलीत. बस, एवढंच. तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या गमतीजमती मुलांना प्रिय आहेत, मलाही आहेत, पण मला विचाराल तर तुमचे खरे आभार त्या एका प्रश्नाचे.

कान फाटला कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत. सांगते. तुमच्या आधी हत्तोबा दोन घरी राहून आला होता. पहिलं घर आपल्याच माणसाचं, दूरच्या एका देशातलं. पाहुणा यायच्या आधी केवढा उत्साह! ‘आपल्या मातीचं ऋण’, ‘लहानग्यांची स्वप्नं’, असं बरंच काही लिहून आलं होतं. खोकं उघडतानाचा फोटो टाकला, त्याला भरपूर अंगठे मिळाले, आणि हत्तोबा गॅरेजमध्ये गेला. मुलं रोज विचारायची, “बाई, आज कुठं गेला असेल?” मी रोज काहीतरी सांगायची. दुसऱ्या घरी निदान कुत्रा तरी त्याच्याशी खेळला, कानाचं जे झालं ते तिथेच. त्यावर उत्तर आलं की हे तर जुनं फडकंच आहे, हवं तर नवा चांगला हत्ती घेऊन पाठवतो. दुकानातला. भलेपणानेच लिहिलं असेल. मी ते मावशींना वाचून दाखवलं नाही.

आमच्याकडच्या एका साहेबांनी तर आधीच विचारलं होतं की शिक्षकांना हल्ली कामं उरली नाहीत का, बाहुल्या परदेशी पाठवताय. त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं की 1995 साली कॅनडातल्या लंडन नावाच्या गावातल्या डेल ह्युबर्ट या शिक्षकाने कागदाचा बाहुला पोस्टाने एका शाळेतून दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली, आणि मग जगभरच्या शाळांनी ते उचललं. त्यातून मुलं पत्र लिहायला शिकतात. साहेब म्हणाले, ते कॅनडा आहे. तोक्योमध्ये तर पैसे घेऊन लोकांच्या बाहुल्यांना सहलीला नेणारी एजन्सीसुद्धा आहे, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना भलत्याच कल्पना सुचल्या असत्या.

तर असा हा पाहुणा तुमच्या दारात आला. आणि तुम्ही त्याला सकाळच्या जेवणाच्या टेबलावर स्वतःची बशी दिलीत, त्यात ब्रेत्झेल. आमच्या पोरांनी लगेच ठरवलं की ही न तळलेली चकली आहे.

उल्मच्या त्या मोठ्या चर्चचं पत्र वर्गात भिंतीवर लावलंय. 161.5 मीटर उंच मनोरा, 1890 साली पुरा झाला, वर जायला 768 पायऱ्या. आमच्या मुलांना शिवनेरी पाठ आहे, त्यामुळे पायऱ्यांचा आकडा ऐकून कोणी घाबरलं नाही. त्यांना आवडलं ते तुम्ही पुढे लिहिलेलं: ‘माझे गुडघे मध्येच म्हणाले, आता पुरे. मागून एक विद्यार्थिनी येत होती, तिच्याकडे हत्तोबाला दिलं आणि मी खाली येऊन बाकावर बसले.’ तुम्ही खालूनच फोटो काढून ‘आम्ही वर गेलो’ लिहिलं असतंत तरी आम्हाला काय कळणार होतं? त्या अनोळखी मुलीचेही आभार. तिने हत्तोबाला वरच्या कठड्यापाशी धरून डॅन्यूब दाखवली. आमची शाळा कुकडीच्या काठी. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला आणि मग बंगालचा उपसागर. तुमची नदी कुठे जाते म्हणून आम्ही नकाशा काढला, तर ती दहा देशांतून जात काळ्या समुद्रापर्यंत पोचलेली. एका मुलीने विचारलं, “एवढे देश लागतात, मग तिचं पाणी कोण सोडतं?” कालव्याच्या आवर्तनावर वाढलेली पोरं आहेत, आजी. त्यांना दुसरा प्रश्न सुचणार नाही.

त्याच नदीवरून 1811 साली पंख लावून उडायला निघालेल्या आणि थेट पाण्यात पडलेल्या तुमच्या शिंप्याची, बेर्ब्लिंगरची, गोष्ट मला आठवड्यातून एकदा तरी सांगावी लागते. लोक हसले, धंदा बसला, हे मी हळू आवाजात सांगते. मुलं मात्र त्याने उडी मारली इथेच टाळ्या वाजवतात. सिंहाचं डोकं आणि माणसाचं अंग असलेल्या मूर्तीचं जे पोस्टकार्ड तुम्ही पाठवलंत, ते पाहून तर सगळा वर्ग ओरडला, “नरसिंह!” ती मूर्ती मॅमथच्या दातातून कोरलेली, सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीची, आणि तिचे तुकडे 1939 मध्ये उल्मजवळच्या गुहेत सापडले, हे सांगितल्यावरही त्यांचं मत बदललं नाही. मॅमथ हा आफ्रिकेतल्या हत्तीपेक्षा आपल्या आशियाई हत्तीच्या जवळचा नातेवाईक. म्हणजे हत्तोबा चुलत्याच्या गावी जाऊन आला, असा वर्गाचा निकाल आहे.

पण गींगेनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खास हत्तोबासाठी तुम्ही रेल्वेने त्या गावी गेलात, आणि मार्गारेटे श्टाइफची गोष्ट तुमच्या शब्दांत लिहून पाठवलीत. 1847 मध्ये जन्मलेली मुलगी, दीड वर्षाची असताना पोलिओ, दोन्ही पाय लुळे पडले, उजवा हातही अधू. भावंडं तिला हातगाडीत बसवून शाळेत न्यायची. इथे पहिला प्रश्न आला: “तिला डोस नव्हता दिला?” मी सांगितलं, लस आली 1955 मध्ये, तोवर ती कधीच गेली होती. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मधला, आणि 2014 मध्ये आपण पोलिओमुक्त झालो. पोलिओच्या रविवारी आमच्याच शाळेत बूथ लागतो, धाकट्या भावंडांना काखोटीला मारून हीच मुलं आणतात, करंगळीला शाई लावून घेतात. त्या दिवशी त्यांना त्या दोन थेंबांचा अर्थ लागला. माझ्या फळ्यावरून तो कधी लागला नसता.

आणि मग ती शिवणकामाची बाजू. उजव्या हाताने चाक फिरवता येईना म्हणून तिने शिवणयंत्रच उलटं फिरवून ठेवलं, डाव्या हाताने चालवायला. 1880 च्या सुमाराला मासिकातला नमुना पाहून फेल्टचा छोटा हत्ती शिवला. टाचण्या टोचून ठेवायला. मुलांनी त्यातल्या टाचण्या काढून टाकल्या आणि खेळायला घेतला. तिथून तो सगळा खेळण्यांचा कारखाना. पुतण्याने केलेलं प्रसिद्ध अस्वल आलं ते 1902 मध्ये, हत्तीच्या कितीतरी मागून, हे तुम्ही अधोरेखित करून पाठवलंत, तेव्हा वर्गात जो जल्लोष झाला तो शेजारच्या पहिलीच्या बाईंना आवडला नाही. 1904 पासून त्यांच्या खेळण्यांच्या कानात धातूचं बटण असतं, आणि सुरुवातीच्या बटणांवरही हत्तीच होता. तुम्ही तिथल्या दुकानातून एखादं तसं बटण मिळवून हत्तोबाच्या कानात सहज लावू शकला असतात. लावलं नाहीत. ‘त्याच्या कानात आता टाका आहे,’ एवढंच लिहिलंत.

मावशींना हे सगळं मी जेवणानंतर वाचून दाखवलं. उलटं ठेवलेलं शिवणयंत्र ऐकून त्या म्हणाल्या, “बरोबर आहे की. मी बी तेच केलं असतं.” मोठ्या माणसाच्या गोष्टीत आपण सहज शिरू शकतो असं त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकलं.

माझ्या नोकरीत उपक्रम फार येतात, आजी. प्रत्येकाचा अहवाल असतो, फोटो असतात, फोटोत बॅनर सरळ दिसावा लागतो. मदत करणारेही खूप भेटतात. वह्या देतात, दप्तरं देतात, आणि देताना मुलांना रांगेत उभं करतात. मी तक्रार करत नाही, वह्या लागतातच. पण एखाद्या परक्या गावातल्या खिचडी शिजवणाऱ्या बाईची परवानगी घेऊन मगच सुईत दोरा ओवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं, आणि तेही भेट न होता.

आता कामाचं. मुलांनी हत्तोबाला इतक्यात कुठे पाठवायचं नाही असा ठराव हात वर करून मंजूर केलाय. त्याच्याऐवजी तुमच्याकडे दुसरं काहीतरी येतंय. मावशींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यासाठी गोधडी शिवली. मध्ये त्याच जांभळ्या लुगड्याचा तुकडा आहे, कडेला लाल दोरा. पोस्टात दिलीय, पोचायला वेळ लागेल. त्यांनी तीन गोष्टी कळवायला सांगितल्यात. पहिले काही दिवस ती थोडी टोचेल, मग मऊ पडते. धुवायची तर थंड पाण्यात, आणि यंत्रात घालायची नाही. तिसरं म्हणजे, तुमचा तो लाल दोरा कुठल्या नंबरचा आहे ते लिहा, कारण आमच्या आळेफाट्याच्या दुकानात तसा पक्का रंग मिळत नाही.

तुमची,
कुकडीकाठच्या शाळेतली बाई
आणि चौथीचा वर्ग, मावशींसह