नक्कल टेबलावरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. सरकारी टेबलावरच्या माणसाचं नावानिशी कौतुक झालं की त्याला त्याचा तापच जास्त. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, नकलांच्या अर्जांच्या ढिगामागे बसणाऱ्या ताई, एवढी ओळख पुरे.

आईचं मृत्युपत्र शोधताना तुमच्याआधी दोन जाणकार भेटले होते. पहिल्याने ‘तीस वर्षांचा सर्च’, म्हणजे मिळकतीवरच्या तीस वर्षांतल्या नोंदणीकृत दस्तांचा शोध-अहवाल, हातात ठेवला, पैसे घेतले आणि छातीठोकपणे सांगितलं, मृत्युपत्र केलेलंच नाही. त्या अहवालात ते दिसणं शक्यच नव्हतं. असा सर्च नोंदणी कार्यालयाचं पुस्तक १ (मिळकतीच्या दस्तांचं रजिस्टर) आणि त्याची सूची २ यांवर होतो. तिथे खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं. मृत्युपत्रं जातात पुस्तक ३ मध्ये आणि त्यांची सूचीही ३ नंबरची. ती कुणाला चाळायला देत नाहीत. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम ५७ स्पष्ट आहे: करणारा हयात असेतो नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला, पश्चात कुणीही अर्ज करावा, पण शोध नोंदणी अधिकाऱ्यामार्फतच. ज्याचं पोट यावर चालतं त्याला हे ठाऊक नसावं? की ठाऊक असूनही... जाऊ दे.

दुसरे म्हणाले, फ्लॅट पुण्यात, म्हणजे हवेली तालुक्याच्या निबंधक कार्यालयांतच बघा. हवेलीची कार्यालयं वीसच्या वर! आणि मृत्युपत्राला मिळकतीच्या हद्दीचं बंधन नसतंच. कलम ४० प्रमाणे ते कुठल्याही निबंधकाकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येतं. माणूस औषधपाण्याला, लग्नकार्याला जिथे महिनाभर राहिला, तिथलं कार्यालय आधी बघायचं.

तुम्ही मृत्यूचा दाखला पाहिलात आणि विचारलंत, “माहेरचं नाव काय? वडिलांकडची जमीन होती का? सातबाऱ्यावर कुठलं नाव लागलंय?”

सगळी मेख त्या प्रश्नात होती. लग्नात नाव बदललेल्या बाईचं आधार कार्ड एका नावाचं आणि माहेरचा सातबारा दुसऱ्या. हातानं लिहिलेल्या सूच्या वर्षागणिक वेगळ्या, त्यात नाव आद्याक्षरावर बघायचं. ‘स’ मध्ये शोधत बसलं आणि नोंद ‘क’ मध्ये असली, की “आढळत नाही” असा शेरा पडून प्रकरण मिटतं. तुम्ही एका वापरून झालेल्या फॉर्मच्या पाठीवर चार नावं लिहिलीत: सासरचं, माहेरचं, ‘ऊर्फ’ घातलेलं आणि आडनावाचं जुनं लेखन.

पण आभार मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. रजिस्टर समोरच्याला दाखवता येत नाही, हे तुम्ही आधीच सांगितलंत. मग लाकडी पट्टी ओळीखाली धरून एकेक ओळ खाली सरकायला लागलात आणि प्रत्येक पान उलटताना हळूच म्हणत गेलात, “नाही.” परत, “नाही.” काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला नुसतं ताटकळत ठेवायचं नाही, शोध कुठवर आला ते त्याला कळत राहावं, एवढ्यासाठी. कुठल्याही परिपत्रकात हे लिहिलेलं नाही. अकराव्या का बाराव्या वेळी तो शब्द आला नाही. पट्टी थांबली. तुम्ही आधी दस्त क्रमांक कागदावर उतरवलात आणि मग मान वर केलीत.

नोंद सापडली तरी तुम्ही थांबला नाहीत, याचं मोल नंतर कळलं. चालतं ते शेवटचं मृत्युपत्र; म्हणून आईच्या मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या सूच्याही तुम्ही पाहिल्यात. वर सुचवलंत की जिल्हा निबंधकाकडे पुस्तक ५ साठी वेगळा अर्ज टाका, कारण सीलबंद लखोट्यात ठेवलेलं मृत्युपत्र तिथेच असतं, दुय्यम निबंधकाकडे त्याचा पत्ता नसतो. तिथून “नोंद नाही” असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. का, तर मूळ कागद आईच्याच ताब्यात होता आणि आता मिळत नाही, म्हटल्यावर समोरचा पक्ष म्हणणार, तिनेच फाडून रद्द केलं. तेव्हा कपाट, लॉकर, वकिलाची फाइल, नोटरीचं रजिस्टर, कुठे कुठे पाहिलं ते तारखेनिशी दाखवावं लागतं. मूळ हरवलं असेल तर प्रतीवरूनही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळू शकतं, १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम २३७ आहे. पण ते करणाऱ्याने स्वतः नष्ट केलेलं नाही, हे आधी पटवावं लागतं.

फुकटचा सल्ला म्हणतात तो इतका नेमका असू शकतो! मोठी फी घेऊन मोघम बोलणारे पुष्कळ भेटतात. एखाद्याच्या घरची अडचण आपल्या टेबलावर आली की ती हातावेगळी करायची, पुढच्या खिडकीकडे ढकलायची नाही, अशी व्यक्ती कार्यालयागणिक एखादी असते आणि बहुधा तिच्याच टेबलावर ढीग सगळ्यात उंच असतो.

नक्कल हातात देताना तुम्ही शेवटच्या पानावर पेन्सिलीने दोन बारीक खुणा केल्यात. साक्षीदारांच्या सह्यांपाशी. “नोंदणी झालेली असली तरी कोर्टात यांच्यापैकी एक तरी लागतो. आधी यांना गाठा, कागद नंतर.” दोघांपैकी एक गेले. दुसरे ८१ वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण सही दाखवल्याबरोबर ओळखली. त्यांचं शपथपत्र गुरुवारी होतंय.